फोड मोडावी, फोड राहावी

तापीकाठच्या केळीच्या मुलखात, बऱ्हाणपूर जिल्ह्यातील शाहपुरात, जेथे 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतरही दप्तराची भाषा हिंदी असली तरी चुलीपुढचा अंमल पुष्कळ घरांतून मराठीचाच राहिला, तेथे सफरचंद हा परमुलखातला पाहुणाच होय. हिमाचल-काश्मीरचा माल बाजारात येऊ लागला की आणलेल्या फळांपैकी काही करकरीत निघतात, तर काही प्रवासाने आणि आश्विनातल्या उन्हाने आतून पिठूळ झालेली असतात. ही पिठूळ फळे फेकून देणे मला नामंजूर आहे. मसालेदार, फोडींच्या साखरांब्यासाठी त्यांच्याइतके सोयीचे फळ नाही.

फळांची प्रतवारी आधीच करावी. पिठूळ सफरचंदे सोलून, चिरून, जेमतेम पेलाभर पाण्यात झाकण ठेवून शिजू द्यावीत. साखर मात्र मुळीच घालू नये. त्यांच्या लाल साली, दालचिनीचा तुकडा, दोन-तीन लवंगा आणि ठेचलेली सुंठ मलमलीच्या पुरचुंडीत बांधून पातेल्यात सोडली, की सालींतला रंग आणि त्यांच्या लगतचे पेक्टिन दोन्ही रसात उतरतात. पाव तासात फोडी पळीच्या नुसत्या स्पर्शाने कोसळतात.

इकडे करकरीत फळांच्या बोटाच्या पेराएवढ्या फोडींना साखर आणि लिंबाचा रस चोळून ठेवलेला असतो, आणि सगळी मेख येथेच आहे. फळातील पेशींना परस्परांशी सांधून ठेवणारे पेक्टिन उष्ण पाण्यात विरघळते म्हणून फळ मऊ पडते. परंतु साखर आणि आम्ल या विघटनास विलंब लावतात, सबब आधी गोडी मुरलेली फोड शिजूनही आपले कंगोरे सोडीत नाही. साखर शेवटी घालण्याचा सल्ला देणाऱ्यांनी फोडींची अपेक्षा ठेवू नये.

या फोडी, त्यांना सुटलेल्या पाकासह, मोडलेल्या गरात घालून मंद आचेवर ठेवाव्यात व पातेले हलवून फिरवावे. पळीने ढवळू नये. फोडीच्या कडा पारदर्शक दिसू लागल्या आणि ताटलीत टाकलेल्या थेंबाभोवती पाणी सुटेनासे झाले की खाली उतरवून जायफळ किसावे.

पुरचुंडी मात्र तत्क्षणी पिळून काढावी, अन्यथा सकाळपर्यंत लवंग सफरचंदास बोलू देत नाही. साखर बेताची असल्याने हा ऐवज मुरंब्यासारखा वर्षभर बरणीत टिकणारा नव्हे. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो, पण ज्वारीची गरम भाकरी आणि लोणी घरात असले तर तितकेही राहत नाही.