महाभियोगाचा गैरवापर झाला, हे सिद्ध कसं करायचं? ब्राझील २०१६ चं उदाहरण

तुलनात्मक राजकारणावरच्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य बऱ्याचदा दिसतं: "महाभियोग प्रक्रियेचा राजकीय हेतूने गैरवापर झाला." वाचायला बरं वाटतं. पण गाइड विचारतात, "हे दाखवणार कसं?" आणि गाडी तिथेच अडते. आज ब्राझीलच्या राष्ट्राध्यक्ष डिल्मा रूसेफ यांचं उदाहरण घेऊन हा प्रश्न सोडवून बघू.

आधी अडचण कुठे आहे ते बघा. महाभियोग संसदेत चालतो, मतं देणारे सगळे राजकारणीच. मग त्यात राजकारण असणारच. ते दाखवून नवीन काही हाती लागत नाही. आपला प्रश्न नेमका हवा: अध्यक्षाचा गुन्हा तपासण्यासाठी दिलेला अधिकार दुसऱ्याच कामासाठी वापरला गेला का? ही व्याख्या पहिल्याच प्रकरणात लिहून टाका, नाहीतर पुढे प्रत्येक गोष्ट "गैरवापर" दिसायला लागते.

थोडक्यात घटना

रूसेफ यांच्यावरचे आरोप अर्थसंकल्पाशी संबंधित होते. शेतीकर्जाच्या योजनेचे पैसे सरकारी बँकेला उशिरा दिले आणि संसदेच्या परवानगीशिवाय जादा खर्चाचे आदेश काढले, असे ते आरोप. १७ एप्रिल २०१६ रोजी कनिष्ठ सभागृहात ३६७ विरुद्ध १३७ मतांनी प्रस्ताव पुढे गेला (५१३ पैकी ३४२ मतं लागत होती). ३१ ऑगस्टला सिनेटने ६१ विरुद्ध २० मतांनी त्यांना पदावरून काढलं. उपाध्यक्ष मिशेल तेमेर राष्ट्राध्यक्ष झाले.

पुरावा कुठे शोधायचा?

१. दार कोणाच्या हातात आहे? ब्राझीलमध्ये कोणताही नागरिक महाभियोगाची मागणी करू शकतो, पण ती दाखल करून घ्यायची की नाही हे सभापती एकटे ठरवतात. तेव्हा सभापती होते एदुआर्दो कुन्या. स्विस बँकेतल्या खात्यांबद्दल खोटं बोलल्याच्या आरोपावरून त्यांच्यावरच आचारसमितीत प्रकरण चालू होतं. २ डिसेंबर २०१५ रोजी रूसेफ यांच्या वर्कर्स पार्टीच्या सदस्यांनी समितीत कुन्यांच्या विरोधात मत देणार असं जाहीर केलं. त्याच दिवशी कुन्यांनी महाभियोगाची मागणी दाखल करून घेतली. पुढे बोल्सोनारोंच्या काळात शंभराहून जास्त मागण्या आल्या, एकही दाखल झाली नाही. म्हणजे मतदानाआधीची ही पायरी अभ्यासायलाच हवी.

२. मत देताना काय बोलले? १७ एप्रिलचं मतदान टीव्हीवर थेट दिसलं. बऱ्याच खासदारांनी आपलं मत कुटुंबाला, देवाला, गावाला अर्पण केलं. अर्थसंकल्पाचा उल्लेख फार थोड्यांनी केला. ही सगळी भाषणं नोंदलेली आहेत, म्हणजे आशय-विश्लेषणासाठी तयार डेटा.

३. तेच सभागृह दुसऱ्या वेळी कसं वागलं? २ ऑगस्ट २०१७ रोजी तेमेर यांच्यावर भ्रष्टाचाराचा खटला चालवू द्यायचा का, यावर मतदान झालं. २०१४ ला निवडून आलेलं तेच सभागृह, तोच ३४२ चा आकडा. खटल्याच्या बाजूने २२७, विरोधात २६३. प्रक्रिया वेगळी होती हे तळटीपेत सांगा, तरी तुलना मोलाची आहे.

आणखी एक आकडा चुकवू नका. रूसेफ यांना पदावरून काढल्यावर लगेच सिनेटने वेगळं मतदान घेतलं: त्यांच्यावर सार्वजनिक पदं घेण्याची बंदी घालायची का? बाजूने ४२, विरोधात ३६. ५४ मतं लागत होती, म्हणून बंदी टळली. "पद सोडा, पण शिक्षा नको" असं वाटणारे सिनेटर बरेच होते, असा त्याचा एक अर्थ लावता येतो.

आता स्वतःच्या विरोधात उभे राहा

इथेच प्रबंध तरतो किंवा बुडतो. २०१५ मध्ये ब्राझील मोठ्या मंदीत होता, रस्त्यावर प्रचंड मोर्चे निघत होते, लेखापरीक्षण न्यायाधिकरणाने सरकारचे २०१४ चे हिशेब नाकारण्याची शिफारस केली होती. सर्वोच्च न्यायालयाने प्रक्रियेतल्या काही गोष्टी दुरुस्त केल्या, पण ती थांबवली नाही. शिवाय खुद्द कुन्यांना न्यायालयाने मे २०१६ मध्ये निलंबित केलं, तरी प्रक्रिया चालूच राहिली. मग सगळं एका माणसाच्या सूडामुळे झालं असं म्हणता येईल का? आनिबाल पेरेस-लिन्यान यांचं २००७ चं लॅटिन अमेरिकेवरचं पुस्तक इथे कामाला येतं: घोटाळे, जनआंदोलन आणि संसदेत पाठबळ नसणं, हे एकत्र आलं की अध्यक्ष पडतात.

त्यामुळे माझं म्हणणं असं: प्रक्रिया सुरू होण्याची वेळ कुन्यांच्या स्वार्थाने समजते, ३६७ मतं मात्र तेवढ्याने समजत नाहीत. हे दोन वेगळे दावे आहेत, दोन्हींना वेगळा पुरावा लागतो. "संसदीय कूप" हा शब्द शीर्षकातच टाकलात तर ही फोड करायची वाटच बंद होते. आधी फोड करा, शब्द शेवटच्या प्रकरणात निवडा.

सरावासाठी पॅराग्वे घ्या. जून २०१२ मध्ये फर्नांडो लुगो यांना दोन दिवसांत पदावरून काढलं, बचावासाठी दोन तास दिले. वरचे तीन प्रश्न तिथे लावून बघा, आणि चौथा तुम्ही शोधा: घाई हा गैरवापराचा पुरावा कधी ठरतो?