इंजिन बदलले, पण दिवा विझेना!

मीरा रोडच्या शांती नगरसारख्या दाट वस्तीत इमारतींच्या दारातच मोटारी उभ्या असतात. मुसळधार पावसात पाणी साचले की त्या पाण्यातच अडकतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबई परिसरातील असंख्य गाड्या बुडाल्या. इंजिनात पाणी शिरलेले असताना स्टार्टर मारला, तर पाणी हवेसारखे दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. मग दुसरे इंजिन बसविण्याची पाळी येते.

इंजिन बसते, सुरूही होते; परंतु 'चेक इंजिन'चा दिवा विझत नाही. गाडी धक्के देते, पेट्रोल अधिक पिते. अशा वेळी एकामागून एक नवे सेन्सर विकत घेण्याची घाई होते. वस्तुतः इंजिन बदलले तरी गाडीतील तारांचा जुडगा बहुधा तोच, पाण्यात भिजलेला असतो. त्यामुळे खर्च करण्यापूर्वी तारा तपासणे शहाणपणाचे.

पहिली तपासणी अर्थिंगची. मल्टिमीटरचे काळे टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि लाल टोक इंजिनाच्या उघड्या धातूला लावून स्टार्टर फिरवावा. अर्ध्या व्होल्टहून अधिक दाब दिसला, तर अर्थिंगची पट्टी सैल, गंजलेली किंवा जोडायचीच राहिलेली आहे, असे समजावे. या एका चुकीमुळे अनेक सेन्सर एकाच वेळी खोटे आकडे दाखवू शकतात.

त्यानंतर कनेक्टर पाहावेत. पिनांवर हिरवट थर, वाकलेली पिन, तुटलेली खिट्टी ही नेहमीची कारणे. थ्रॉटलसारख्या तीन तारांच्या सेन्सरला एका तारेतून साधारण ५ व्होल्ट, दुसरीतून अर्थिंग मिळते. तिसरी तार संदेश संगणकाकडे नेते. चावी चालू करूनही ५ व्होल्ट मिळत नसतील, तर नवा सेन्सर बसवूनही उपयोग नाही.

शीतक द्रवाच्या तापमानाचा सेन्सर याचे उत्तम उदाहरण. त्याची तार तुटली की संगणकाला इंजिन उणे ४० अंशांवर गोठल्याचे भासते. थंड इंजिनासाठी तो जादा पेट्रोल सोडतो आणि काळा धूर येतो. स्कॅनरवर अशा वेळी बहुधा 'पी ०११८' हा संकेतांक उमटतो. मात्र संकेतांक कोणत्या मंडलात दोष आहे एवढेच सांगतो. भाग बदला, असे सांगत नाही.

तारा निर्दोष असूनही अडचण उरली, तर दोन्ही इंजिनांचे सेन्सर एकाच जातीचे आहेत का, हे पाहावे. क्रँकशाफ्टचा सेन्सर दोन तारांचा चुंबकीय किंवा तीन तारांचा हॉल प्रकारचा असू शकतो. त्याच्या चक्राच्या दात्यांची संख्याही जुळावी लागते. अन्यथा ठिणगीची वेळच चुकते.

शेवटी कागदपत्रे. इंजिनाचा क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रावर असतो. म्हणून परिवहन कार्यालयाची मंजुरी घेऊन नवा क्रमांक नोंदवावा आणि विमा कंपनीलाही कळवावे. तारा जुळल्या पण क्रमांक जुळला नाही, तर अपघातानंतर दाव्याच्या वेळी खरी अडचण उभी राहू शकते.