जाहिरातीचा रुपया पानावर येतो कसा? (भाग ५)

१ जून २०१७ ला राज्यातले शेतकरी संपावर गेले आणि राहाता तालुक्यातल्या पुणतांब्याचे नाव घरोघरी पोचले. संपाची हाक इथल्याच ग्रामसभेतून निघाली होती. ‘हे पुणतांबा नेमके कुठे?’ असे त्या दिवसांत किती जणांनी मोबाइलवर शोधले असेल! त्यांना उत्तर मिळाले ते वाहिन्यांच्या आणि दैनिकांच्या संकेतस्थळांवर, आणि जाहिरातीही तिथेच झळकल्या. गावातल्या एखाद्या मुलाने तेव्हा संपाची आतली हकिगत मराठी ब्लॉगवर लिहिली असती, तर त्याला वाचक मिळाले असते. पैसा मात्र नाही. गूगलची अ‍ॅडसेन्स सेवा, म्हणजे ब्लॉगवर जाहिराती लावून त्याच्या मालकाला वाटा देणारी यंत्रणा, २००३ पासून चालू आहे. तिने हिंदी स्वीकारली डिसेंबर २०१४ मध्ये आणि मराठी थेट २०१८ मध्ये. इतकी माणसे बोलतात, लिहितात ती भाषा पंधरा वर्षे दाराबाहेर थांबली, याची मला आजही चुटपुट लागते.

आता दार उघडे आहे. मागच्या भागात आपण ब्लॉग तयार केला. आज त्यावर रुपया कसा येतो ते पाहू.

बाजार समितीतला कांद्याचा लिलाव डोळ्यांपुढे आणा. ट्रॉलीभोवती व्यापारी जमतात, माल हातात घेऊन पाहतात, बोली चढते. वाचक तुमचे पान उघडतो तेव्हा अगदी असाच लिलाव होतो, फक्त डोळ्याचे पाते लवायच्या आत. पानावर विषय कोणता आहे, वाचक कुठला आहे, त्याने आधी काय शोधले आहे, हे पाहून जाहिरातदारांच्या वतीने संगणक बोली लावतो. जास्त बोलीवाल्याची जाहिरात दिसते. तिच्या रकमेतून अडत वजा होऊन साधारण ६८ टक्के ब्लॉगवाल्याकडे येतात. पूर्वी वाचकाने जाहिरातीवर क्लिक केले तरच बहुतेक पैसा मिळे. २०२४ पासून जाहिरात किती वेळा दिसली यावर हिशेब होतो.

बोली कशाला चढते, हे मात्र नीट समजून घ्या. लेख किती सुंदर लिहिला आहे, हे लिलावाला कळत नाही. गोदावरीच्या घाटावरच्या पहाटेचे वर्णन मनापासून लिहा, जरूर लिहा; पण त्याच्याशेजारी काय विकायचे हे जाहिरातदाराला सुचत नाही. ठिबकचे अनुदान, उन्हाळ कांद्याचे बियाणे, राहात्याच्या पेरूची छाटणी, ट्रॅक्टरचे कर्ज असे विषय असले की कंपन्या पुढे सरसावतात. आणि काही प्रश्न असे असतात की ते कधी जुने होत नाहीत. संपाची गर्दी चार दिवसांची होती. पण पुणतांब्याला गाडी बदलून शिर्डीला कसे जायचे, चांगदेव महाराजांची समाधी स्थानकापासून किती लांब, तिथे मुक्कामाची सोय होते का, हे कोणी ना कोणी रोज विचारते. शिर्डीचा लोहमार्ग इथूनच फुटतो. त्या स्थानकावर ज्याचे लहानपण गेले, त्याच्याइतके अचूक उत्तर दूरच्या कार्यालयात बसलेला माणूस देऊ शकणार नाही. मला वाटते, गावातल्या लेखकाचे खरे भांडवल हेच.

रक्कम किती? भ्रम नको. समजा, हजार वेळा पान उघडल्यावर तुमच्या हाती ५० रुपये पडले. खात्यात १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे निघत नाहीत. ते साडेआठ हजार रुपये धरले, तर पान १ लाख ७० हजार वेळा उघडले जायला हवे. पहिले वर्ष यातच जाऊ शकते.

इथेच मित्रमंडळी प्रेमापोटी घात करतात. ‘भावाच्या ब्लॉगवर जाऊन जाहिरातींवर क्लिक करा’ असा निरोप गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतो. असे क्लिक यंत्रणेला ओळखू येतात आणि खाते बंद होऊ शकते. घरच्यांना आधीच हात जोडून सांगा.

दुसऱ्याच्या जागेवर लिहिताना वाट्याचे नियमही त्याचेच असतात. यूट्यूब मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीतले ५५ टक्के चॅनेलवाल्याला देते. आपल्याच जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे ‘आपली आजी’ या चॅनेलवरून घराघरात पोचल्या, त्या नातवाच्या साथीने, चुलीजवळच्या साध्या रेसिपी दाखवून. २०२० मध्ये तो चॅनेल हॅक झाला आणि काही दिवसांनी परत मिळाला. म्हणून पासवर्डसोबत मोबाइलवर येणारी दुसरी खातरजमा आजच चालू करा, कमाई सुरू व्हायची वाट पाहू नका.

अ‍ॅडसेन्सच्या खात्यात १० डॉलर जमले की एक गंमत घडते. या सगळ्या आभासी कारभारातून एक खरेखुरे पत्र निघते. आत सहा आकडी पिन असतो. तो चार महिन्यांत भरला नाही, तर ब्लॉगवरच्या जाहिराती थांबतात. पत्र साध्या टपालाने येते, तेव्हा पत्ता लिहिताना घरनंबर नसेल तर वडिलांचे नाव, वस्ती, जवळचे मंदिर किंवा शाळा, पोस्ट, तालुका राहाता, असे सगळे लिहा. पोस्टमनकाकांनाही सांगून ठेवा, की असे एक परदेशी पत्र येणार आहे.

पुढच्या आठवड्यात: बँक, डॉलर आणि प्राप्तिकर.