लघवी थांबली, पण बिघाड कुठे?

आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. विषय: किडनी अचानक बिघडणं, डॉक्टरांच्या भाषेत ‘ॲक्यूट किडनी इंज्युरी’. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण एरर एकच आणि कारणं तीन, हे माझ्या रोजच्या ओळखीचं.

एरर कोणती? रक्तातलं क्रिएटिनीन ४८ तासांत ०.३ ने वाढतं, किंवा ७ दिवसांत दीडपट होतं, किंवा लघवी खूपच कमी होते. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६ तासांत १८० मिलिलिटरपेक्षाही कमी. पण हे आकडे बिघाड झालाय एवढंच सांगतात, कुठे ते नाही.

मी कोरीटचा. आमच्या नंदुरबारकडे मिरचीच्या ठिबकला पाणी येईना झालं, की तीन ठिकाणी बघतात: विहिरीत पाणी आहे का, फिल्टर चोंदलाय का, पुढे नळी दबलीये का. किडनीचंही असंच बघायचं.

पहिलं, विहीर. किडनीपर्यंत रक्तच कमी पोचतं. मे महिन्यात दिवसभर उन्हात काम, जुलाब-उलट्या, रक्तस्राव. तोंड कोरडं, उभं राहिलं की चक्कर, लघवी गडद. किडनी अजून शाबूत असते आणि मीठ-पाणी धरून ठेवते, म्हणून लघवीत सोडियम कमी सापडतं. वेळेत पाणी-सलाईन मिळालं तर ती बहुधा सावरते. पण अशातच अंग दुखतं म्हणून डायक्लोफिनॅक घेतली, तर तिचा रक्तपुरवठा आणखी आवळतो.

दुसरं, फिल्टर. किडनीलाच इजा. घोणसचा दंश, लेप्टो, काही औषधं, विष. पहिलं कारण लांबलं तर तेही इथेच येऊन पोचतं. सूक्ष्मदर्शकाखाली लघवीत तपकिरी गाळासारखे कण दिसू शकतात. इथे नुसती सलाईन चढवत राहिलं, तर पाणी फुप्फुसात साचू शकतं.

तिसरं, पुढची नळी. वाढलेलं प्रोस्टेट, दोन्ही बाजूंचे खडे. ओटीपोट फुगतं, कळ येते, पण थेंब-थेंबच. सोनोग्राफीत किडनी फुगलेली दिसते. प्रोस्टेटने अडलं असेल तर कॅथेटर घातल्यावर वाट मोकळी होते.

म्हणजे एकाला जे औषध, तेच दुसऱ्याला धोका.

आता आपल्याच राज्यातली गोष्ट. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण किडनी निकामी होऊन दगावले. आजार वेगवेगळे, पण दुवा एक: ग्लिसरीन. मेंदूवरचा किंवा डोळ्यातला दाब उतरवायला ते दिलं होतं, आणि त्यात डायथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेलं निघालं. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. क्रिएटिनीनने हे कधीच सांगितलं नसतं; ‘या सगळ्यांना काय दिलं होतं?’ या प्रश्नाने सांगितलं.

तर घरातल्या कोणाची लघवी अचानक कमी झाली, तर नेटवर शोधत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. जाताना चार उत्तरं तयार ठेवा: जुलाब, उलटी किंवा ऊन लागलं का? काही चावलं का? लघवी शेवटची कधी आणि किती झाली? गेल्या आठवड्यात कोणत्या गोळ्या, काढे, जडीबुटी घेतली? गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो काढून ठेवा. मोबाइल खिशात आहेच.

भेटू पुढच्या भागात. पाणी पीत राहा, ऐकत राहा!