शब्द ओळखीचे, अर्थ परका

आधी एका पत्राची गोष्ट सांगतो. आम्ही नोकरीला लागून वर्षही झाले नव्हते. वाणिज्य शाखेचे पदवीधर म्हणून वस्तीत आमचा थोडा रुबाब होता. कोणाच्या घरी इंग्रजी पत्र आले की ते आमच्याकडे वाचायला येई. असेच एकदा शेजारचे एक काका मुलाच्या नावे आलेले पत्र घेऊन आले. मुलाचे नाव एका कार्यालयाच्या प्रतीक्षा यादीत होते. पत्रात दोनच ओळी होत्या. 'ॲट युअर अर्लिएस्ट कन्व्हीनियन्स' येऊन भेटावे, असे त्यात लिहिले होते. कन्व्हीनियन्स म्हणजे सोय, एवढे आम्हाला ठाऊक होते. आम्ही सांगून मोकळे झालो, "काका, घाई नाही. तुमच्या सोयीने या म्हणतात."

मुलगा गावी बहिणीच्या लग्नाच्या गडबडीत होता. लग्न उरकून, पाहुणे वाटेला लावून तो तीन आठवड्यांनी परतला आणि कार्यालयात गेला. जागा भरली गेली होती. तिथल्या बाबूने विचारले, "लवकरात लवकर या म्हणून कळवले होते ना?"

काका आम्हाला एका शब्दाने बोलले नाहीत. मात्र त्या घरचे पत्र पुन्हा कधी आमच्याकडे वाचायला आले नाही.

त्या पत्रातला प्रत्येक शब्द आम्हाला येत होता, पण ते शब्द एकत्र आले की काय म्हणतात ते येत नव्हते. म्हणून आज इंग्रजीतील वाक्प्रचारांविषयी आणि रोजच्या बोलण्यातील ठरावीक वाक्यांविषयी चार गोष्टी सांगाव्यात असे ठरवले आहे.

आपल्या घरचेच उदाहरण

वाक्प्रचार म्हणजे काही अवघड शास्त्र नाही. आपली आजी दिवसातून पन्नास वाक्प्रचार बोलते. मुसळधार पाऊस पडला म्हणून कोणी अंगणात मुसळे शोधायला जात नाही. इंग्रज मुसळधार पावसाला 'मांजरे आणि कुत्री पडताहेत' म्हणतो, तेव्हा त्याच्याही अंगणात कुत्री पडलेली नसतात. 'नाकी नऊ आले' याचा शब्दाला शब्द लावून इंग्रजी करून पाहा. ऐकणारा आपल्या नाकाकडे बघत राहील! 'डोके खाऊ नकोस' म्हणताना आपण जेवणाचे बोलत नसतो. तसेच त्यांचे 'किक द बकेट' म्हणजे बादलीला लाथ मारणे नव्हे, तर मरण पावणे. आपण 'खपला' म्हणतो, त्याच हलक्या सुरातला तो शब्द आहे. म्हणून एखाद्याच्या दुःखात सांत्वनाला गेल्यावर तो वापरायचा नसतो.

अर्थाबरोबर सूरही शिकावा लागतो, हे मुलांना नीट समजावून सांगावे.

ऑफिसातील गोड शब्द

आमच्या वस्तीतील एक मुलगी मुलाखत देऊन हसत घरी आली. साहेब शेवटी म्हणाले होते, 'वुई विल कीप यू पोस्टेड.' तिला वाटले, पोस्टिंग मिळाले. आईने शेजारी साखर वाटली. खरा अर्थ एवढाच होता की, पुढे काय होते ते कळवत राहू. गंमत म्हणजे हा वाक्प्रचार आम्हा वाणिज्यवाल्यांच्याच घरचा आहे. रोजकीर्दीतून खातेवहीत नोंद नेणे म्हणजे खतावणी. इंग्रजीत तिला 'पोस्टिंग' म्हणतात. ज्याची वही आजपर्यंत पूर्ण लिहिलेली आहे तो 'पोस्टेड'. त्यावरून ज्याला सर्व ताजी माहिती आहे तोही 'पोस्टेड' झाला.

अशी आणखी काही वाक्ये पाहू. 'आय ॲम अफ्रेड' असे साहेब म्हणाला तर तो घाबरलेला नसतो. तो सभ्यपणे नकार देत असतो. 'कॅन आय हेल्प यू?' असे दुकानातला नोकर म्हणतो तेव्हा तो मदत विचारतो. तेच वाक्य मोठ्या इमारतीच्या दारातला माणूस जरा चढ्या आवाजात म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ 'इथे तुमचे काय काम?' असाही असतो. 'विथ ड्यू रिस्पेक्ट' अशी सुरुवात झाली की समजावे, पुढे विरोध येणार आहे. आपला अर्ज 'बॅक बर्नर'वर ठेवला असे कळले तर तो मागच्या शेगडीवर सरकवला आहे, इतक्यात त्याचे काही होणार नाही. 'द बॉल इज इन युअर कोर्ट' म्हणजे आता पुढची हालचाल तुम्ही करायची आहे. हे वाक्य ऐकून जो घरी वाट बघत बसला, त्याचे नुकसान ठरलेले!

उलट, आमच्या कचेऱ्यांत रोज लिहिले जाणारे 'प्लीज डू द नीडफुल' इंग्लंडात आता जुनाट वाटते. तिथल्या माणसाने ते वाचून भुवया उंचावल्या तर मनाला लावून घेऊ नये. आपल्या देशात ते चालते.

लाल फीत आणि मरणाची रेघ

बऱ्याच वाक्प्रचारांमागे खरी वस्तू, खरे काम, खरी माणसे असतात. ती कळली की अर्थ आपोआप लक्षात राहतो. 'रेड टेप' घ्या. इंग्लंडात सरकारी आणि कोर्टाचे कागद लाल फितीने बांधून ठेवण्याची पद्धत सतराव्या शतकापासून होती. एकोणिसाव्या शतकात थॉमस कार्लाइल, चार्ल्स डिकन्स अशा लेखकांनी त्या फितीचा दिरंगाईसाठी टोमण्यासारखा वापर केला. इंग्रजांबरोबर फीत आपल्याकडे आली आणि 'लालफितीचा कारभार' मराठीत रुळला. आम्ही स्वतः अशा फिती बांधल्या आहेत आणि सोडल्याही आहेत. गाठ सोडायला अर्धे मिनिट लागते. वेळ लागतो तो सोडायची कोणी, हे ठरायला.

'डेडलाइन' हा शब्द तर आता शाळकरी पोरेही बोलतात. त्याची कथा मात्र अंगावर काटा आणणारी आहे. अमेरिकेतील यादवी युद्धात, १८६४ साली, जॉर्जिया राज्यातील अँडरसनव्हिल येथे युद्धकैद्यांचा तळ उभारला गेला. बाहेरच्या कुंपणाच्या आत काही अंतरावर बुटके लाकडी कठडे घातले होते. त्या रेघेला कैद्याने नुसता स्पर्श केला तरी पहारेकरी गोळी घालीत. ती 'डेड लाइन', मरणाची रेघ. उपासमार, घाण पाणी आणि रोगराई यांनी त्या तळावर सुमारे १३,००० कैदी मेले. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीस वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत हा शब्द बातमी देण्याच्या शेवटच्या वेळेसाठी वापरला जाऊ लागला. आज फॉर्म भरण्याची शेवटची तारीखही 'डेडलाइन'. गोळी कोणी घालत नाही, पण तारीख चुकली तर वर्ष जाते!

'टू रीड द रायट ॲक्ट' म्हणजे एखाद्याची कडक शब्दांत कानउघाडणी करणे. हा मुळात खरा कायदा होता. इंग्लंडात तो १७१५ साली अमलात आला. बारा किंवा अधिक माणसे जमून दंगा करीत आहेत असे दिसले की अधिकारी त्यांच्यासमोर हुकूम वाचून दाखवी. तासाभरात जे पांगणार नाहीत त्यांना फाशीपर्यंतची शिक्षा होती. १८१९ साली मँचेस्टर शहरात मताचा हक्क मागण्यासाठी गिरणीकामगार, विणकर हजारोंच्या संख्येने बायकामुलांसह शांतपणे जमले होते. त्यांच्यावर घोडेस्वार घातले गेले. किमान पंधरा माणसे मेली, शेकडो जखमी झाली. दंगलीचा हुकूम आम्ही आधी वाचला होता, असे अधिकाऱ्यांचे म्हणणे होते. जमलेल्यांपैकी बहुतेकांना तो ऐकूच आला नाही. तो कायदा विसाव्या शतकात रद्द झाला, वाक्प्रचार मात्र राहिला.

नदीच्या खालच्या अंगाला विकलेली माणसे

क्रिकेटच्या बातमीतही एखादा खेळाडू म्हणतो, मला 'सोल्ड डाउन द रिव्हर' केले. म्हणजे विश्वासघात झाला. आपल्या मराठीत केसाने गळा कापला. या शब्दांच्या मागे मात्र खरीखुरी विक्री आहे. १८०८ पासून बाहेरून नवे गुलाम आणण्यास अमेरिकेत बंदी झाली, पण देशातल्या देशात माणसांचा व्यापार चालूच राहिला. केंटकीसारख्या वरच्या राज्यांतील गुलाम ओहायो आणि मिसिसिपी या नद्यांतून बोटीने खाली दक्षिणेकडे नेऊन विकत. तिथे कापसाचे आणि उसाचे मळे होते. काम जास्त जीवघेणे होते. एकदा तिकडे विकलेल्या माणसाला आपली बायको, आपली मुले पुन्हा दिसण्याची आशा नसे. म्हणून 'खाली विकून टाकीन' ही धमकीच गुलामाला गप्प करायला पुरे होई. १८६५ साली तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली.

संपली, पण मताचा हक्क काढून घेण्याच्या युक्त्या निघाल्या. त्यातून 'ग्रँडफादर क्लॉज', म्हणजे आजोबांचे कलम आले. १८९८ साली लुइझियाना राज्याने मतदारासाठी लिहिता-वाचता येण्याची किंवा मालमत्तेची अट घातली. मात्र १ जानेवारी १८६७ रोजी ज्यांना मताचा हक्क होता ते आणि त्यांची मुले-नातवंडे यांना सूट दिली. त्या तारखेला तिथल्या काळ्या माणसांना मताचा हक्कच नव्हता! आजोबा कोण होते यावरून नातवाचा हक्क ठरू लागला. अशी कलमे १९१५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवली. आज जुन्या लोकांना नव्या नियमातून सूट मिळाली की 'ग्रँडफादर्ड' असा शब्द सहज वापरतात. सूट कोणाला मिळाली आणि कोणाला नाही, हे मात्र विचारायला हवे.

एक शब्द आपल्या देशातून गेलेला

इंग्रजी वर्तमानपत्रात सर्वांनी वाळीत टाकलेल्या देशाला 'पॅरिआ स्टेट' म्हणतात. हा 'पॅरिआ' शब्द तमिळ मुलुखातील परैयर या अस्पृश्य ठरवलेल्या जातीच्या नावावरून सतराव्या शतकात इंग्रजीत गेला. 'परै' म्हणजे ढोल. ढोल वाजवणाऱ्या माणसांचे नाव जगभर वाळीत टाकलेल्याचे नाव झाले. गावातल्या बेवारशी कुत्र्यालाही इंग्रज 'पॅरिआ डॉग' म्हणत. हा शब्द वाचनात येईल, परीक्षेतही येईल. त्याचा अर्थ आपल्या मुलांना माहीत असलाच पाहिजे. पण आपल्या लेखणीतून तो उतरू नये, असे आम्हाला वाटते. मराठीतही जातीवरून माणसाला हिणवणाऱ्या म्हणी आहेत. त्या आपण घरात बोलत नाही. तोच नियम इंग्रजीलाही लावावा.

प्रत्येक कथा खरी नसते

इथे एक सावधगिरी सांगतो. 'रूल ऑफ थंब' म्हणजे ढोबळ, अनुभवाचा अंदाज. सुतार अंगठ्याने माप धरतो, तसा. पण एक कथा फार फिरते की, अंगठ्यापेक्षा जाड नसलेल्या काठीने बायकोला मारण्याची इंग्लंडच्या कायद्यात मुभा होती, त्यावरून हा शब्द आला. असा कायदा सापडत नाही. १७८२ साली तिथला एक न्यायाधीश असे बोलल्याची आवई उठली, त्याच्यावर व्यंगचित्र निघाले, आणि पुढे कथा चिकटली. बायकोला मारहाण होत होती हे खरे आहे. मात्र या शब्दाचा जन्म त्यातून झाला नाही. ऐकलेली गोष्ट तपासून मगच मुलांना सांगावी.

घरी काय करता येईल?

खर्च फक्त एका वहीचा आहे. पानावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात इंग्रजी वाक्प्रचार, दुसऱ्यात त्याच्या जवळचा मराठी, तिसऱ्यात तो कोण कोणाला म्हणतो ते. हा तिसरा रकाना सोडू नये. आमची चूक तिथेच झाली होती. हल्ली मोबाइलवर अर्थ मिळतो, पण तो कोणत्या सुरात बोलायचा ते आपणच समजून घ्यावे लागते. रोज एक लिहिला तरी वर्षाला तीनशे पासष्ट होतात.

दुसऱ्या रकान्यासाठी रविवारी आजीला जवळ बसवावे. तिला वाचता येत नसले तरी म्हणींचा साठा तिच्याकडेच असतो. मुलाने सांगावे की, घोडा पळून गेल्यावर तबेल्याचे दार लावणे असे इंग्रज म्हणतात. आजी लगेच म्हणेल, 'वरातीमागून घोडे!' बदकाच्या पाठीवरचे पाणी म्हटले की 'पालथ्या घड्यावर पाणी' येईल. 'अ बॅड वर्कमन ब्लेम्स हिज टूल्स' म्हटले की 'नाचता येईना, अंगण वाकडे' येईल. मग घरातला कामगार बाप कदाचित म्हणेल, "कधी कधी हत्यारच खराब असते रे!" तेही वहीत लिहावे.

नोकरीच्या अर्जात मात्र वाक्प्रचारांची आतषबाजी नको. अर्ज साधा असावा. वाक्प्रचार आधी समजण्यासाठी शिकावेत, बोलणे मागाहून आपोआप येते.

आजही वस्तीतील लोक आमच्याकडे पत्रे आणतात. आता आम्ही पत्र दोनदा वाचतो. एखाद्या ओळीची खात्री नसली तर सरळ सांगतो, "उद्या विचारून सांगतो, तोवर तुम्ही जाऊन भेटून या." पदवीधराने असे म्हणण्यात कमीपणा नाही. आणि कोणत्याही पत्रात 'अर्लिएस्ट कन्व्हीनियन्स' दिसले, तर वाचकहो, दुसऱ्या दिवशी सकाळीच घरातून निघा.