15 लाख कोणी दिले? एका विद्यापीठाची, एका विधवेची आणि तिने जपलेल्या पत्रांची गोष्ट

माझ्या पीएचडीच्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी एक वाक्य लिहिलं होतं : ‘लेडी ठाकरसी यांनी महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला 15 लाख रुपयांची देणगी दिली.’ गाईडनी त्यावर लाल रेघ मारली आणि शेजारी एवढंच लिहिलं, ‘कोणी? कधी? कशावरून?’

मला वाटलं, आपलं काहीतरी किरकोळ चुकलंय. पण त्या तीन प्रश्नांची उत्तरं शोधताना माझं अख्खं प्रकरण बदललं. तुमच्यापैकी जे पेटची तयारी करताय किंवा विषय ठरवताय, त्यांच्यासाठी ही गोष्ट सविस्तर सांगते. दानशूर व्यक्तींवर, खासकरून दानशूर स्त्रियांवर काम करणाऱ्या प्रत्येकाला हा खड्डा लागतोच.

तीन माणसं, एक आडनाव

आधी माणसं वेगळी करून घेऊ. एसएनडीटी हे नाव आपण इतक्यांदा उच्चारतो की त्यात एक बाई आहे हे विसरतो. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी या मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्या आई. देणगी दिली विठ्ठलदासांनी, 1920 मध्ये, आईच्या स्मरणार्थ. कर्व्यांनी 1916 मध्ये अवघ्या पाच विद्यार्थिनींवर सुरू केलेल्या विद्यापीठाला तेव्हा नाथीबाईंचं नाव मिळालं. तिसरी व्यक्ती म्हणजे प्रेमलीला, विठ्ठलदासांची पत्नी. लेडी ठाकरसी त्या ह्याच. 1922 मध्ये विठ्ठलदास गेले, तेव्हा त्या तिशीच्याही आत होत्या.

म्हणजे माझ्या वाक्यात मी नवऱ्याचं दान बायकोच्या नावावर टाकलं होतं आणि सासूबाईंना तर पार गाळूनच टाकलं होतं.

‘15 लाख दिले’ हेही इतकं सरळ नाही. ती रक्कम थैलीतून एकदम हातावर ठेवलेली नव्हती. साडेतीन टक्के दराने 15 लाखांवर वर्षाला जे व्याज येतं, म्हणजे 52,500 रुपये, ते दरवर्षी विद्यापीठाला मिळायचं होतं. मुद्दलाला अटी होत्या. आता हिशोब लावून बघा : सरकारमान्यता नसलेलं विद्यापीठ, मातृभाषेतून शिक्षण, सरकारी नोकरीत न चालणारी पदवी. अशा संस्थेला वर्षाचं ठरावीक उत्पन्न म्हणजे पुढच्या वर्षी वर्ग भरतील याची खात्री. म्हणून कुठलीही देणगी दिसली की आकडा लिहून पुढे जाऊ नका. मुद्दल की व्याज, एकरकमी की हप्त्याने, कुठल्या अटीवर, हे विचारा. संस्थेचा पुढचा इतिहास बऱ्याचदा त्या अटींमध्येच दडलेला असतो.

मग प्रेमलीलाबाईंनी काय दिलं?

हा प्रश्न मला उशिरा पडला. खरं तर तो पहिला पडायला हवा होता.

विद्यापीठाचं मुख्यालय 1936 मध्ये पुण्याहून मुंबईला गेलं. कायद्याने मान्यता मिळाली ती 1951 मध्ये, म्हणजे देणगीनंतर 31 वर्षांनी. त्या मान्यताप्राप्त विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू प्रेमलीलाबाई होत्या. कस्तुरबा गांधी राष्ट्रीय स्मारक ट्रस्टचं अध्यक्षपदही त्यांनी अनेक वर्षं सांभाळलं. ज्या काळात विधवेने मागच्या खोलीत बसावं अशी अपेक्षा होती, त्या काळातली ही बाई आहे. पैसा घरात होता हे खरं, पण पैसा असलेल्या सगळ्याच घरांतून कुलगुरू निघाले नाहीत.

आणि त्यांचं पुण्यातलं घर. येरवड्याच्या टेकडीवरच्या त्या बंगल्याचं नाव ‘पर्णकुटी’. (नावावर जाऊ नका, झोपडी नव्हती ती.) 8 मे 1933 ला गांधीजींनी 21 दिवसांचा उपवास सुरू केला, त्याच दिवशी त्यांची येरवडा तुरुंगातून सुटका झाली आणि ते पर्णकुटीत आले. 29 मे रोजी उपवास सुटला तो तिथेच. जूनमध्ये देवदास गांधी आणि लक्ष्मी यांचं लग्नही तिथेच झालं. आगाखान पॅलेसमधल्या कैदेत कस्तुरबा गेल्या, त्यानंतर 6 मे 1944 ला गांधीजी सुटले, तेव्हाही ते पर्णकुटीतच गेले.

देणग्यांच्या यादीत यातलं काहीच दिसत नाही. 21 दिवस उपाशी असलेला माणूस घरात, दारात देशभरातून आलेले लोक, आणि डोक्यावर इंग्रज सरकार. हा पाहुणचार कोणत्या रकान्यात मांडायचा? मला याचं थोडंफार उत्तर पत्रांत मिळालं.

पत्राच्या खालची बारीक ओळ

गांधीजींनी प्रेमलीलाबाईंना लिहिलेली पत्रं गांधीजींच्या समग्र वाङ्मयात छापलेली आहेत. इंग्रजी मालिकेचे 100 खंड आहेत आणि गांधी हेरिटेज पोर्टलवर ते फुकट वाचता येतात. कोल्हापुरात बसून मोबाईलवर वाचले तरी चालतात. पण वाचायचे कसे, ते सांगते.

सगळे जण पत्राचा मजकूर वाचतात. तुम्ही आधी पत्राखालची बारीक अक्षरातली ओळ वाचा. तिथे मूळ प्रत कुठली आणि कोणाकडून आली ते दिलेलं असतं. जी. एन. म्हणजे गांधी स्मारक निधीचा संग्रह, एस. एन. म्हणजे साबरमतीचा क्रमांक, सी. डब्ल्यू. म्हणजे समग्र वाङ्मयाच्या संपादकांनी स्वतः जमवलेला संग्रह. या पत्रांखाली मूळ गुजराती असल्याची नोंद आहे आणि पुढे सौजन्य म्हणून नाव आहे प्रेमलीला ठाकरसी.

त्या दोन शब्दांवर मी बराच वेळ अडकले. लिहिणारा पत्र पेटीत टाकतो आणि त्याच्याकडून ते जातं. ते टिकतं, कारण घेणारा ते ठेवतो. या बाईंनी ती पत्रं वर्षानुवर्षं जपली आणि संपादकांनी मागितल्यावर दिली. आपण आज ती वाचतो ते त्यांच्यामुळे. माझ्या लेखी त्यांच्या दानाच्या यादीत ही पत्रं मोडतात, आणि याची पावती त्या बारीक ओळीत आहे.

पण त्यांचा आवाज कुठे आहे?

समग्र वाङ्मय गांधीजींचं आहे. त्यात मुख्यतः त्यांनी लिहिलेली पत्रं आहेत, त्यांना आलेली नाहीत. म्हणजे आपण फोनवरचं बोलणं एकाच बाजूने ऐकतोय. प्रेमलीलाबाईंनी काय विचारलं होतं, ते उत्तरावरून ताडायचं. इथे नवे संशोधक घसरतात. गांधीजींनी तब्येतीची चौकशी केली, तर ‘त्या आजारी होत्या’ असं लिहून मोकळे होतात. चौकशी केली हा पुरावा आहे. आजारी होत्या हा तुमचा तर्क आहे. प्रबंधात दोन्ही वेगळे दिसले पाहिजेत.

दुसरी गोष्ट भाषेची. मूळ पत्र गुजराती, आपण वाचतो तो इंग्रजी अनुवाद, आणि प्रबंधात उतरवतो मराठीत. दोनदा कढवलेलं दूध आहे ते. संबोधनात आदर किती आणि जिव्हाळा किती, हे अनुवादात हमखास हरवतं. गुजराती खंड पाहा. लिपी आठवड्यात येते, खरंच.

तिसरी, सूचीची. प्रेमाबेन कंटक आणि प्रेमलीला ठाकरसी या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. प्रेमाबेन सासवडच्या आश्रमातल्या, आणि त्यांनाही गांधीजींची भरपूर पत्रं आहेत. नुसतं ‘प्रेमा’ टाकून शोधलंत तर खिचडी होईल. माझी झाली होती.

उलट उदाहरण

तुलनेसाठी अमेरिकेतल्या जेन स्टॅनफर्ड बघा. नवरा 1893 मध्ये गेला, मालमत्ता कोर्टकचेरीत अडकली, आणि या विधवेने घरखर्च आवळून विद्यापीठ चालू ठेवलं. त्याच बाईंनी 1900 मध्ये अध्यक्षांना पत्र लिहून एडवर्ड रॉस या प्राध्यापकांना काढायला सांगितलं, कारण त्यांची मतं पटत नव्हती. रॉसना जावं लागलं. जेनबाईंची पत्रं विद्यापीठाने जपली, कारण ती पैसे देणाऱ्या मालकिणीची होती. तिथे विधवा स्वतः बोलते, हुकूमही सोडते. आपल्याकडे विधवा ऐकताना दिसते. यावरून एक बोलकी आणि दुसरी अबोल होती असा निष्कर्ष काढायचा नसतो. कोणाची कुठली पत्रं कोणाला ठेवावीशी वाटली, एवढाच तो फरक असू शकतो.

आता कोल्हापूर

हे सगळं मुंबई-पुण्याचं झालं, आपला काय संबंध, असं वाटत असेल तर 1922 हे साल पुन्हा बघा. त्याच वर्षी 6 मे रोजी शाहू महाराज गेले. त्यांचे धाकटे चिरंजीव शिवाजी 1918 मध्ये शिकारीत गेले होते आणि मागे राहिल्या होत्या बालवयातल्या सूनबाई, इंदुमतीदेवी. त्यांनी शिकावं म्हणून महाराजांनी घरचा विरोध पत्करला. पाठीशी उभं राहणारं माणूस गेल्यावरही त्या थांबल्या नाहीत. 1925 मध्ये मॅट्रिक झाल्या आणि पुढे कोल्हापुरातल्या मुलींच्या शिक्षणासाठी झटल्या.

शाहू महाराजांचे कागद शिवाजी विद्यापीठाने खंडांतून छापले आहेत, पुरालेखागारात दफ्तरं आहेत. तिथे बसाल तेव्हा तोच प्रश्न सोबत न्या : हे पत्र कोणी लिहिलं याच्या जोडीला, ते कोणी ठेवलं? राजाचं पत्र टिकतं. सुनेचं उत्तर कुठे आहे?

आणि कोणाच्या घरी ट्रंकेत पत्रं सापडली, तर घाई करू नका. लेखी परवानगी घ्या. ज्या क्रमाने ठेवलीत त्या क्रमाने आधी फोटो काढा, पाकिटांसकट, कारण तारीख बऱ्याचदा पोस्टाच्या शिक्क्यावरच असते. आजारपण, घरातली भांडणं, देणंघेणं यातलं काय छापायचं ते घरच्यांशी बोलून ठरवा. पत्र तुमच्यासाठी लिहिलेलं नव्हतं, हे लक्षात ठेवा.

माझं ते वाक्य आता असं आहे : ‘सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी 1920 मध्ये आईच्या स्मरणार्थ 15 लाखांची सशर्त देणगी दिली, त्यांच्या पत्नी प्रेमलीला 1951 मध्ये त्या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या.’ वाक्य लांबलं, आणि गाईडनी पुन्हा शेजारी लिहिलंय, ‘मधली 29 वर्षं?’

म्हणजे 1922 ते 1951. सध्या माझं तेच चालू आहे.