भाड्याचा तास, वस्तीचा क्लब
गुरुग्राममधील फुटसाल आणि स्थलांतरितांच्या क्लबांचा इतिहास

पोटासाठी परमुलखात गेलेल्या माणसांनी आपल्या गावाच्या किंवा प्रांताच्या नावाने काढलेला खेळाचा क्लब ही भारतीय शहरांतील एक जुनी संस्था असून, कोलकात्यातील ईस्ट बंगाल, मुंबईतील गोवेकरांचे ग्रामक्लब आणि दिल्लीतील गढवाल हीरोज ही तिची तीन ठळक रूपे आहेत. राजधानीला लागून असलेल्या गुरुग्राममध्ये या परंपरेची नवी पिढी आज फुटसाल या छोट्या फुटबॉलच्या आश्रयाने वाढते आहे. मात्र आधीच्या पिढ्यांचे क्लब सत्तर आणि शंभर वर्षे टिकले, तर गुरुग्राममधील बहुतेक संघ एखाददुसऱ्या हंगामात विरून जातात, आणि या फरकाचे मूळ खेळाडूंच्या हौसेपेक्षा जागेत आणि दप्तरात शोधावे लागते.

पाच जणांचा खेळ

फुटसाल हा शब्द स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांतील ‘दालनातील फुटबॉल’ या अर्थाच्या शब्दांचा संक्षेप आहे. १९३० मध्ये उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओ येथील वायएमसीए या संस्थेत हुआन कार्लोस सेरियानी या शिक्षकाने बास्केटबॉलच्या मैदानावर खेळता येईल असा फुटबॉल बसवला, आणि त्यासाठी बास्केटबॉल, हँडबॉल व वॉटरपोलो या खेळांतील नियम उसने घेतले. गोलरक्षकासह पाच खेळाडू, साधारण ४० मीटर लांब व २० मीटर रुंद मैदान, ३ मीटर रुंद व २ मीटर उंच गोल आणि वीस-वीस मिनिटांचे दोन डाव ही त्याची आजची चौकट आहे. चेंडू खेळाबाहेर गेला की घड्याळ थांबते, खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात, आणि एका डावात संघाने पाचांपेक्षा अधिक फाऊल केले की पुढच्या प्रत्येक फाऊलवर समोरच्या संघाला भिंतीविना थेट किक मिळते.

या खेळाचे मर्म त्याच्या चेंडूत आहे. फुटसालचा चेंडू परिघाने ६२ ते ६४ सेंटीमीटर, वजनाने ४०० ते ४४० ग्रॅम, म्हणजे नेहमीच्या फुटबॉलपेक्षा लहान असूनही जवळजवळ तितकाच जड असतो. २ मीटर उंचीवरून सोडल्यावर त्याची पहिली उसळी ५० सेंटीमीटरपेक्षा कमी किंवा ६५ सेंटीमीटरपेक्षा जास्त असू नये, असा नियम आहे. उसळी मुद्दाम कमी ठेवलेली असल्याने चेंडू पायाशी राहतो, लांब फटक्यांचा उपयोग कमी होतो आणि तळव्याने चेंडू ओढणे, फिरवणे, अरुंद जागेतून काढणे या कसबांना महत्त्व येते. गुरुग्राममध्ये ज्याला सर्रास फुटसाल म्हटले जाते ते पुष्कळदा कृत्रिम गवताच्या टर्फवर, साध्या फुटबॉलने खेळले जाते, तर खरा फुटसाल लाकडी किंवा तत्सम कठीण, गुळगुळीत पृष्ठभागाचा खेळ आहे. काटेकोर भाषेत टर्फवरच्या या खेळाला पाच जणांचा फुटबॉल म्हणणे योग्य ठरेल.

नावासाठी काढलेले क्लब

स्थलांतरितांच्या क्लबांमागील प्रेरणा समजण्यासाठी ईस्ट बंगालचे उदाहरण बोलके आहे. २८ जुलै १९२० रोजी मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात जोडाबागान या संघाने शैलेश बोस या पूर्व बंगालच्या खेळाडूला वगळले, त्यामुळे दुखावलेले त्या क्लबाचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधरी आपल्या सहकाऱ्यांसह बाहेर पडले, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी नव्या क्लबाची स्थापना झाली. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित कोलकात्यात आले, तेव्हा सोडून आलेल्या प्रदेशाचे नाव मिरवणारा हा क्लब त्यांच्यासाठी हरवलेल्या मुलखाचा जाहीर पत्ता बनला.

मुंबईत हेच काम अधिक घरगुती पातळीवर गोवेकरांच्या कूडांनी केले. कूड म्हणजे कोकणीत खोली. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यातून जहाजांवर, स्वयंपाकघरांत किंवा वाद्यवृंदांत काम शोधायला आलेल्या पुरुषांसाठी एकेका गावाने धोबी तलाव, माझगाव या भागांत चालवलेली ही सामायिक निवासस्थाने होत, आणि धोबी तलावाची जेर महाल ही इमारत त्यांसाठी आजही ओळखली जाते. भिंतीलगत मांडलेल्या पेट्या, एका बाजूला वेदी, रात्रीची सामुदायिक प्रार्थना आणि गावच्या सदस्यांकडून घेतली जाणारी अल्प वर्गणी असे कूडाचे रूप होते. गावाच्या नावाचा फुटबॉल संघ ही याच व्यवस्थेची एक फांदी होती, कारण खेळाडूंची यादी, वर्गणीची वही आणि निरोप ठेवण्याची जागा या तिन्ही गोष्टी आधीपासूनच तयार होत्या. मुंबईच्या फुटबॉलवर गोवेकरांचा ठसा किती खोल होता, हे गोव्यातील आसगाव येथे जन्मलेल्या आणि मुंबईच्या क्लबांतून खेळलेल्या नेव्हिल डिसोझा यांच्या कारकिर्दीवरून दिसते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारताने मिळवलेल्या ४–२ विजयात तीन गोल त्यांचे होते, आणि ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये अशी हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले.

गढवाल हीरोज

राजधानी परिसरात या परंपरेचे सर्वांत टिकाऊ उदाहरण म्हणजे १९५३ मध्ये दिल्लीतील गढवाली रहिवाशांनी स्थापन केलेला गढवाल हीरोज हा क्लब. हिमालयाच्या उतारावरील पायऱ्यापायऱ्यांच्या, पावसावर विसंबलेल्या शेतीत वर्षभर भागत नसल्याने गढवालमधील पुरुष पिढ्यान्पिढ्या सैन्यात आणि मैदानी शहरांतील नोकऱ्यांत जात राहिले; गावाचा संसार टपालाने येणाऱ्या पैशांवर चाले, म्हणून अभ्यासकांनी या व्यवस्थेला ‘मनीऑर्डर अर्थव्यवस्था’ असे नाव दिले. १८८७ मध्ये उभारलेल्या आणि लॅन्सडाउन येथे मुख्यालय असलेल्या गढवाल रायफल्स या पलटणीमुळे सैन्याची वाट रुळलेली होती, तर स्वातंत्र्यानंतर वाढलेल्या केंद्र सरकारच्या कचेऱ्यांनी दिल्लीची वाट रुंद केली.

त्या काळात गढवाल हा उत्तर प्रदेशाचा एक डोंगराळ कोपरा होता आणि वेगळे उत्तराखंड राज्य ९ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले. म्हणजे शासनाच्या नकाशावर पहाडी राज्य येण्याच्या ४७ वर्षे आधी त्या प्रदेशाचे नाव दिल्लीच्या फुटबॉलमध्ये नोंदले गेले होते. दिल्लीत फुटबॉलला पोषक जमीनही होती. १८८८ मध्ये सिमल्यात सुरू झालेली ड्युरँड चषक स्पर्धा १९४० मध्ये राजधानीत आली, शहराची स्वतःची लीग चालू होती, आणि दिल्ली गेटजवळचे आंबेडकर स्टेडियम ही स्थानिक सामन्यांची हक्काची जागा ठरली. क्लबाकडे स्वतःचे मैदान नसले, तरी लीगच्या वेळापत्रकात त्याला दरवर्षी जागा होती, आणि या एका गोष्टीने पिढीमागून पिढीला पदाधिकारी, खेळाडू व प्रेक्षक पुरवले.

पुढे हा क्लब गढवाल एफसी या नावाने ओळखला जाऊ लागला आणि ऑक्टोबर २०२० मध्ये देशपातळीवरील आय-लीगमध्ये प्रवेशासाठी झालेल्या पात्रता स्पर्धेतील पाच संघांत त्याचा समावेश होता. आज त्याच्या संघात केवळ गढवाली खेळाडू नाहीत. समाजासाठी निघालेला क्लब व्यावसायिक होताना समाजाच्या बाहेर उघडतो, नाव तेवढे मूळचे राहते. ही क्लबाची घसरण मानण्याचे कारण नाही, कारण मुळे घट्ट झाल्याखेरीज असे उघडणे शक्य होत नाही.

मैदान नसलेले शहर

गुरुग्रामची गोष्ट येथून वेगळी होते. २००१ ते २०११ या दहा वर्षांत गुरुग्राम जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ८.७ लाखांवरून १५.१४ लाखांवर गेली, आणि या वाढीचा मोठा भाग बाहेरून आलेल्यांचा होता. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुतीची पहिली मोटार येथील कारखान्यातून बाहेर पडली, त्यापाठोपाठ सुटे भाग बनवणारे उद्योग आले, आणि नव्वदीनंतर काचेच्या इमारतींतील कंपन्या आल्या. मणिपूर, मिझोराम, बंगाल, केरळ, नेपाळ अशा फुटबॉलप्रेमी मुलखांतून आलेले तरुण चक्करपूर, सिकंदरपूर, नथुपूर यांसारख्या जुन्या गावांत खोल्या घेऊन राहू लागले. या गावांचे गावठाण ‘लाल डोरा’ म्हणून ओळखले जाते. महसुली नकाशावर लाल रेघेने वेगळ्या दाखवलेल्या या वस्तीत बांधकामाचे नियम सैल असल्यामुळे एकावर एक मजले चढवून स्वस्त खोल्या उभ्या राहिल्या, आणि मोकळी जागा जवळपास उरली नाही.

मुंबईला आझाद मैदान आणि क्रॉस मैदान वारशाने मिळाले, तशी सामायिक मैदाने गुरुग्रामला लाभली नाहीत. सेक्टर आणि खासगी वसाहतींनी घडलेल्या या शहरात खेळायची जागा बहुधा कुंपणाच्या आत आहे. ही उणीव टर्फने भरून काढली. जाळीने वेढलेले, प्रकाशझोतांचे, तासाच्या भाड्याने मिळणारे मैदान फोनवरून राखून ठेवले जाते, संघाचा म्होरक्या आधी पैसे भरतो आणि मग प्रत्येकाकडून वाटा गोळा करतो, संघ ओळखण्यासाठी दोन रंगांच्या बिनबाह्यांच्या बंड्या वाटल्या जातात, आणि तास भरला की पुढचा गट जाळीच्या दारात उभा असतो. पाळीने काम करणाऱ्या कामगाराला आणि रात्रपाळीच्या कॉल सेंटरमधील मुलीलाही झेपणारा हा खेळ आहे, कारण त्याला बावीस माणसे आणि मोकळी दुपार लागत नाही.

परंतु ज्या गुणामुळे फुटसाल स्थलांतरिताला सोयीचा ठरतो, तोच त्याच्या क्लबाचा शत्रूही आहे. तासाच्या भाड्यात नाते टर्फच्या मालकाशी जुळते, शहराशी जुळत नाही. म्होरक्याने नोकरी बदलून बंगळुरू गाठले की व्हॉट्सॲपवरील गट शांत होतो, आणि संघाबरोबर त्याचा इतिहासही संपतो. कूडाजवळ पत्ता होता, गढवाल हीरोजजवळ लीगमधील जागा होती. टर्फवरच्या संघाजवळ फक्त पुढचा शनिवार असतो.

वर चढण्याची शिडी

या संघांना वर चढायला शिडीही उशिरा मिळाली. २०१६ मध्ये पोर्तुगालचे फुटबॉलपटू लुइस फिगो यांच्यासारखी नावे घेऊन सुरू झालेल्या प्रीमियर फुटसाल या खासगी स्पर्धेला अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची मान्यता नव्हती. महासंघाची स्वतःची फुटसाल क्लब अजिंक्यपद स्पर्धा प्रथम नोव्हेंबर २०२१ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये झाली, आणि तिच्या अंतिम सामन्यात दिल्ली एफसीने मोहमेडन स्पोर्टिंगला ७–२ असे हरवले. भारताच्या पुरुष फुटसाल संघाने आशियाई पात्रता फेरीत पाऊल ठेवले ते २०२३ मध्ये.

शिडी असली म्हणजे काय घडते, हे जपानच्या हमामात्सु शहरात पाहता येते, ज्याचे गुरुग्रामशी नाते मोटारींचे आहे, कारण मारुतीची भागीदार सुझुकी ही कंपनी तेथलीच. १९९० मध्ये बदललेल्या कायद्यामुळे जपानी वंशाचे हजारो ब्राझिली कामगार जपानच्या कारखान्यांत आले, आणि हमामात्सु हे त्यांच्या वस्तीचे एक प्रमुख शहर बनले. त्यांच्यासोबत ब्राझीलचा फुटसालही तेथे रुजला. ब्राझीलमधून आलेल्या याच समाजातील राफाएल हेन्मी यांना पुढे जपानच्या राष्ट्रीय फुटसाल संघात स्थान मिळाले.

गुरुग्राममधील संघांना एवढ्या दूरच्या उदाहरणाची वाट पाहण्याची गरज नाही. वर्गणीची वही, सामन्यांची नोंद, कायमचा पत्ता आणि म्होरक्या गेल्यावर जबाबदारी घेणारा दुसरा माणूस ही कूडाने आणि गढवाल हीरोजने घालून दिलेली पायवाट आहे, आणि २०१२ च्या हरियाणा संस्था नोंदणी कायद्याने तिला रीतसर दारही ठेवले आहे. फुटसालच्या मैदानात उतरायला पाच जण पुरतात. त्या कायद्याखाली संस्था नोंदवायला सात लागतात. जो संघ हे आणखी दोघे शोधील, त्याचाच इतिहास लिहिता येईल.